मागे मोकळं आहे

ताग कापून झाला त्याच आठवड्यात तळ्यावर पाटी लागली. आम्ही पहिल्या जुड्या खांद्यावर घेऊन काठावर पोचलो तेव्हा ती दोन खांबांवर नवीकोरी उभी होती आणि तिचा रंग अजून बोटाला लागत होता. बाबांनी जुड्या खाली ठेवल्या, बोट धोतराला पुसलं आणि मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. या तळ्यात ताग वा अन्य कोणतंही पीक कुजवण्यास मनाई आहे. पाणी दूषित करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.

"पुढे?"

"एवढंच आहे, बाबा."

"भाषा स्वच्छ आहे," बाबा म्हणाले.

तळ्यातल्या माशांचा ठेका घेतलेला मासेवाला होडीत बसून जाळ्यातला कचरा निवडत होता. त्याने मान वर केली नाही, पण आवाज आमच्याकडे सोडला. "उलटेकाका, पाटी आमची नाही हं. आम्ही नुसता अर्ज दिला होता. बाकी सगळं तुमच्या मुनीने केलं. घरचा माणूस वर असला की कामं कशी पटापट होतात, नाही?"

"होतात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला तिथून निघून जावंसं वाटलं. ते अभिमानाने हसत होते.

मुनी म्हणजे माझा धाकटा भाऊ. गावोगावच्या तळ्यांचं काय करावं यावर सरकारला अहवाल हवा होता. तो लिहिणाऱ्या मंडळीत हा सगळ्यात तरुण आणि सगळ्यात हुशार. अहवालाची एक प्रत त्याने घरी पाठवली होती. बाबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवली होती, आल्या-गेल्याला पिशवीसकट दाखवायचे. माझ्याशिवाय घरात ती कोणी वाचली नाही. प्रस्तावनेत म्हटलं होतं की लेखक स्वतः दोर वळणाऱ्या कुटुंबातून आलेले असून या व्यवसायाचा त्यांना जन्मापासूनचा अनुभव आहे. त्यानंतर शंभरेक पानं तो व्यवसाय तळ्यांचं कसं वाटोळं करतो हे होतं. कोणी विरोध केला तर दाखवायला प्रस्तावना होतीच.

त्या जन्मापासूनच्या अनुभवाविषयी थोडं सांगायला हवं.

आमच्या घरामागे एक लांबट, अरुंद जमीन आहे. तिला आम्ही लांबी म्हणतो. एका टोकाला चाक, त्याला आकडा. दोर वळणारा कमरेला वाखाचा, म्हणजे तागाच्या धाग्यांचा, पुंजका बांधतो, त्यातलं एक टोक आकड्याला अडकवतो आणि हाताने वाख सोडत सोडत मागे चालायला लागतो. चाकावरचा माणूस चाक फिरवतो, तसा पीळ चढत जातो. दोर जेवढा लांब, तेवढं उलटं चालणं. बाबांचं आयुष्य असं पाठीकडे चालण्यात गेलं, म्हणून गावाने त्यांना उलटेकाका म्हटलं. तोंडावर म्हटलं, मागेही म्हटलं.

मागे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. ते चाकावरच्याने बघायचं. पण 'थांबा' म्हणून ओरडायचं, हा आमच्या कामातला नियम नाही. ओरडणं वाऱ्यात जातं, उशिरा पोचतं. आमचा नियम उलटा आहे. चाकावरच्याने बोलत राहायचं. सुरुवातीला "मागे मोकळं आहे" म्हणायचं आणि मग काहीही बोलायचं: शेजाऱ्याची म्हैस, पाढे, भांडणं, गाणं. आवाज येतो आहे तोवर मागे मोकळं आहे. आवाज बंद झाला की पाय बंद. दोर वळणाऱ्याच्या घरातलं मूल चालायच्या आधी हे शिकतं.

मुनी लहानपणापासून बोलायचा नाही, म्हणून त्याचं नाव मुनी पडलं. वर्गात पहिला यायचा. बाकी मुलं सुटीत चाकावर बसायची तसं त्यालाही बसवलं, तर तो एका हाताने चाक फिरवायचा आणि दुसऱ्या हातात मांडीवर पुस्तक धरायचा. बाबा दर थोड्या पावलांना थांबायचे. "अरे, बोल की." मग तो दोन वाक्यं बोलायचा आणि पुन्हा बुडायचा.

एका दुपारी बाबा थांबले नाहीत. मी दारात वाख विंचरत होते, मी पाहिलं. मुनी गप्प होता आणि बाबा चालत होते. त्यांना आवाज येत नव्हता हे त्यांना कळत होतं. पण पोराची मान पुस्तकात होती, ओठ किंचित हलत होते, आणि बाबा त्याच्याकडे असे बघत होते की जणू लांबच्या टोकाला दिवा लागलाय. वाचतोय, वाचू दे. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी त्या दुपारी मोडला, आणि मागे कुणीतरी सोडून गेलेल्या हातगाडीवर ते उताणे पडले. हात अंगाखाली गेला.

मुनी चाक फिरवतच होता. सैल पडलेल्या दोराला पीळ चढत गेला, त्याच्या गाठी झाल्या, गाठी उड्या मारत चाकाकडे आल्या. चाक अडलं. चाक अडलं म्हणून मुनीने मान वर केली.

मी धावत गेले तेव्हा बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिलं वाक्य ते मुनीशी बोलले. "कुठवर आलं रे पुस्तक?"

हाड बसवणाऱ्याने कोपर बसवलं ते वाकडंच. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. सदऱ्याची बाही आईने उसवून त्यात जास्तीचा तुकडा घातला. बाबा मात्र हा प्रसंग ज्याला त्याला सांगायचे, आणि सांगताना वाकडा हात पुढे करायचे, जसं कुणी बक्षीस दाखवावं. "पोराचं लक्ष पुस्तकातून हललं नाही. बाप पडला तरी हललं नाही! हा चाकासाठी नाहीच." मास्तरांनी मान डोलावली. मुनी तालुक्याच्या वसतिगृहात गेला, तिथून राजधानीत, तिथून समुद्रापलीकडे. पदव्या येत गेल्या. शेवटच्या पदवीचं नाव सार्वजनिक धोरण.

"म्हणजे तो नेमकं करतो काय?" आईने मला विचारलं होतं.

"लोकांनी कसं वागावं ते ठरवतो."

"ते तर तुझी आत्या पण करायची," आई म्हणाली. "तिला कुणी समुद्रापलीकडे नाही बोलावलं."

चाकावर मग मी बसले. सकाळी मी गावच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते, दुपारी चाक. बोलायला माझ्याकडे काही नसायचं, म्हणून मी पुस्तकं मोठ्याने वाचायला लागले. बाबांनी किती कादंबऱ्या मागे चालत ऐकल्या, याला गणती नाही. मधूनच लांबून आवाज यायचा, "ती बाई नवऱ्याला सरळ सांगत का नाही?" मी म्हणायचे, "मग पुस्तक संपेल ना, बाबा." आणि त्यांचं हसणं दोरातून माझ्या हातापर्यंत यायचं, खरंच यायचं, आकडा थरथरायचा.

तर तो पाटीचा दिवस. जुड्या आम्ही परत आणल्या.

कापलेला ताग वाट बघत नाही. ओला असतानाच पाण्यात गेला पाहिजे, दगडाखाली दबून सडला पाहिजे. मग साल आपण होऊन काडीला सोडते आणि वाख निघतो. बाहेर वाळला की साल काडीला धरून बसते, तुकड्यातुकड्यांनी निघते, त्याचा दोर होत नाही. त्याचं सरपण होतं. सगळ्या वर्षाचा ताग अंगणात उभा होता, आणि ऊन चढत होतं.

आईने फोन लावला. मी तो स्पीकरवर टाकून चुलीशेजारच्या डब्यावर ठेवला. बाबा डब्यासमोर मांडी घालून बसले, जणू मुनी त्या डब्यावरच बसला होता.

"पाटी फार छान झालीय," बाबा म्हणाले. "ठसठशीत अक्षर आहे."

"हो का? छान." मागे कपांचा आवाज येत होता. "बाबा, तुम्ही सगळे या बदलाचा भाग आहात हे मी नेहमी सांगतो."

"ताग अंगणात वाळतोय," आई म्हणाली.

"आई, अहवालात पर्यायी व्यवस्था सुचवलेली आहे. प्रत्येक गावात सिमेंटचे हौद येणार आहेत. हा संक्रमणाचा काळ आहे."

"तो काळ किती दिवसांचा असतो?"

"ते अंमलबजावणीवर आहे. ते माझ्याकडे नाही."

"मग तुझ्याकडे काय आहे?"

"आई गं..." तो हसला. त्याचं ते हसणं मला ठाऊक आहे. समोरचा माणूस गोड आहे पण मंद आहे, असं वाटलं की तो तसं हसतो.

मी म्हणाले, "मुनी, तुझा एक फोन गेला तर यंदापुरतं चालेल. पंचायतीतला कारकून म्हणाला मला. पाटी लागली तरी हंगाम संपेपर्यंत ते डोळे मिटतील, वरून कुणी बोललं तर."

"ताई, तूच विचार कर. माझ्या स्वतःच्या घरासाठी मी अपवाद केला तर माझ्या कामाला काय अर्थ उरतो? उलट आपल्या घराने पहिल्यांदा पाळलं, तर लोकांसमोर केवढा आदर्श!"

मी बाबांकडे पाहिलं. एक शब्द त्यांनी मागितला असता, तर कदाचित मुनीला लाज वाटली असती. मला तेवढी आशा होती. बाबा डब्याजवळ वाकले.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "तू काळजी करू नकोस, बाळा. आमचं आम्ही बघतो. जेवलास का?"

फोन बंद झाल्यावर आईने चुलीतली लाकडं पुढे सारली. मग म्हणाली, "आदर्श." आणि पातेलं जरा जोरात आपटलं.

हौदाची आम्ही वाट बघितली. पोत्यांवर पाणी मारून ती जुड्यांवर टाकली, सावली सरकेल तशा जुड्या सरकवल्या. एक माणूस टेप घेऊन आला, शाळेमागची जागा मोजली, चहा प्याला आणि गेला. पुन्हा कुणी आलं नाही. मासेवाला रोज सकाळी आमच्या कुंपणावरून जाताना विचारायचा, "काय उलटेकाका, आला का हौद?" बाबा गंभीरपणे उत्तर द्यायचे, "अंमलबजावणी चालू आहे." तो पुढे वळणावर जाऊन हसायचा. आम्हाला ऐकू यावं, एवढ्या अंतरावर जाऊन.

खालच्या जुड्यांची पानं करकरीत झाली तेव्हा बाबा उठले, कुदळ घेतली आणि लांबीच्या टोकाला गेले.

"काय करताय?" मी विचारलं.

"तळ्यात मनाई आहे. माझ्या जमिनीत नाही."

आमच्या जमिनीत लांबीचं शेवटचं टोक तेवढं मऊ मातीचं होतं. बाकी घराखाली, नाहीतर खडक. तिथे खड्डा घेतला तर दोराची लांबी तेवढी कमी होणार होती. मी तसं म्हणाले. "मग आखूड दोर वळू," बाबा म्हणाले.

वाकड्या हाताने कुदळ नीट उचलली जात नाही. ती खांद्यापर्यंत जायची आणि तिरकी पडायची, घाव मातीत न बसता बाजूला सरकायचा. दर घावाला बाबांच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा, त्यांना वाटायचं आम्हाला तो ऐकू येत नाही. आई घमेल्याने माती काढत होती. मी वाचनालय बंद ठेवलं आणि फावडं घेतलं. आम्ही तिघं त्या खड्ड्यात एकमेकांच्या कोपरांना लागत काम करत होतो, आणि मधूनच आई म्हणायची, "समुद्रापलीकडे शिकायला गेला. आपल्याला खड्ड्यात घालायला गावातलं कुणीही चाललं असतं."

"पुरे गं," बाबा म्हणायचे.

कमरेएवढा खोल झाला. हापशावरून पाणी आणलं. बादलीमागून बादली, खांद्याची सालटी निघेपर्यंत. जमीन प्यायची, आम्ही ओतायचो. शेवटी तळाला चिकणमाती लिंपली, तेव्हा पाणी टिकलं. जुड्या आत गेल्या, वर दगड गेले.

तळ्याचं पाणी मोठं असतं, वाऱ्याने हलतं. खड्ड्यातलं पाणी आमच्या तागाने आठवड्याच्या आत काळं केलं. त्याचा वास घराच्या भिंतींना लागला, पांघरुणांना लागला, वाचनालयातली माणसं पुस्तक घेताना हात लांब करायला लागली. जुड्या सडल्या की त्या पाण्यात उभं राहूनच सोलाव्या लागतात. बाबांनी मला उतरू दिलं नाही. "तुझे हात पुस्तकांचे," ते म्हणाले, आणि स्वतः कमरेपर्यंत त्या काळ्या पाण्यात उभे राहून एकेक काडी सोलत राहिले. साल मुळाकडून सुटून यायची, लांब, पांढरट, निसरडी. ते वाख काठावर फेकायचे, मी धुवायचे, आई दोरीवर घालायची. बराचसा वाख चांगला निघाला. आधीच वाळलेला होता तो तुटक निघाला, आणि शेवटच्या काही जुड्या सोलायच्या राहिल्या.

राहिल्या, कारण तळातल्या दगडाने बाबांचा पाय कापला होता आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं. फडकं बांधून ते परत उतरले होते. वर तीन दिवस त्यांनी लांबीत दोर वळला. मी चाकावर होते, एक जाडजूड कादंबरी वाचत होते, बाबा मागे चालत होते. त्यांचे पाय ओढले जात होते. एकदा त्यांनी विचारलं, "ह्या माणसाला मुलगा आहे ना गं? तो कधी येतो गोष्टीत?"

"येईल पुढे," मी म्हणाले. तो पुढे येत नाही, हे मला माहीत होतं. पुस्तक मी आधी वाचलेलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांना ताप भरला. पायाची सूज मांडीपर्यंत चढली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरने आधी पाय बघितला आणि मग आमच्याकडे बघितलं, कुणाची शिकवणी घ्यावी असं. "घाण पाण्यात जखम घेऊन उतरू नये, एवढं कळत नाही तुम्हाला?" म्हणाला. आई म्हणाली, "कळतं. आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत."

मुनीला कळवलं. मी फोनवर खड्ड्याचं सगळं सांगितलं: कुठे खणला, का खणला. तो म्हणाला, "अरेरे. ताई, इकडे खूप मोठी परिषद आहे या आठवड्यात, तळ्यांवरचीच. संपली की निघतो. तू मला रोज कळवत राहा."

मी रोज कळवत राहिले.

बाबा जास्त बोलत नव्हते. मी बोलणं थांबवलं की त्यांचे डोळे उघडायचे, म्हणून मी खाटेशेजारी बसून वाचत राहिले. तीच कादंबरी. दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं, चाकाची सावली ओट्यावर पडली होती. मी वाचत होते. मला माहीत होतं आणि मी वाचत होते, एक पान, दुसरं पान, स्पष्ट, लांबच्या माणसाला ऐकू जावं असं. आईने पुढे होऊन पानावर हात ठेवला.

"पुरे आता," ती म्हणाली. "थांबलेत ते."

मुनी आला तो परिषदेचा बिल्ला गळ्यात विसरून आला. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. पंचायतीने खुर्च्या दिल्या, मासेवाल्याने सतरंजी दिली. माझा भाऊ उत्तम बोलतो. लहानपणी वाचवलेलं सगळं बोलणं तो आता खर्च करतो. त्याने चाकाची गोष्ट सांगितली. मी लहान होतो, म्हणाला, चाक फिरवत होतो आणि वाचत होतो, आणि बाबा मागे चालता चालता म्हणाले, "तू वाच. माझं मी बघतो." एवढं बोलून तो थांबला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्याबाबतीत माझी तक्रार नाही. बायका रडल्या. मासेवालासुद्धा रडला.

आई माझ्या कानाशी आली. "हातगाडीचं विसरला."

"तिला गोष्टीत जागा नाही, आई."

घरी येऊन तो अर्धा दिवस बसला. बाबा कशाने गेले हे त्याने विचारलं नाही. फोनवर सांगितलं होतं तेवढं त्याला पुरलं होतं. लांबीकडे त्याने दारातूनच पाहिलं. नाकाला रुमाल लावला. "ताई, हा वास? ड्रेनेजचं काहीतरी करायला पाहिजे गावाने." फळीवरची प्लास्टिकची पिशवी त्याला दिसली. ती त्याने काढली, उघडली, आणि जुना मित्र भेटल्यासारखा चाळत बसला.

पुढचे काही महिने त्याचा फोन आला तर आई तो घ्यायची नाही. मी घ्यायचे. त्याचं पुस्तक येत होतं. आधी अहवाल होता, आता पुस्तक. त्यात त्याच्या शिक्षणावर एक प्रकरण, घरावर एक प्रकरण. मुखपृष्ठावर काय टाकावं, यावर प्रकाशकांचं एकमत झालं होतं.

"लांबीत, दोर वळताना," तो म्हणाला. "तू चाकावर, मी दुसऱ्या टोकाला. पुढच्या पिढीने तो दोर हातात घेतलाय, असं. बाबांना किती आवडलं असतं!"

त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. बाबांना आवडलं असतं. म्हणून मी हो म्हणाले.

तो फोटोवाल्याला घेऊन सकाळी आला. फोटोवाला तरुण, उत्साही, सगळ्या गोष्टींना "वा" म्हणणारा. चुलीला वा, चाकाला वा, आईच्या सुरकुत्यांना वा. आई म्हणाली, "याला एकदा खड्ड्यातलं पाणी दाखवा, त्यालाही म्हणेल." पण खड्डा त्या बाजूने दिसत नव्हता. तो बुजवायला आम्हा दोघींचेही हात उठले नव्हते. न सोललेल्या जुड्या अजून त्यात होत्या. पाण्यावर हिरवं दाट शेवाळ धरलं होतं, कडेला गवत वाढलं होतं, आणि लांबीचं टोक नुसतं हिरवंगार दिसायचं. फोटोवाला तिकडे बघून म्हणाला, "वा, मागे हिरवळ छान येईल."

"आई, बाबांचा सदरा आहे का गं एखादा?" मुनीने विचारलं.

आई आत गेली आणि घेऊन आली. वाकड्या हातासाठी तुकडा घातलेली बाही त्याच्या सरळ हातावर पिशवीसारखी लोंबत होती. "हा पॅच जबरदस्त आहे," फोटोवाला म्हणाला.

मी वाखाचा पुंजका मुनीच्या कमरेला बांधला. शेवटच्या हंगामातला, बाबांनी सोललेला. टोक आकड्याला लावलं. त्याला वाख कसा सोडायचा ते दाखवायला लागले तर तो म्हणाला, "ताई, मला येतं. विसरलो थोडाच?"

मी चाकावर बसले. "मागे मोकळं आहे," मी म्हणाले, आणि चाक फिरवलं. तो मागे निघाला. वाख त्याच्या हातातून गुठळ्यांनी सुटत होता. मी बोलायला लागले, काय बोलत होते आठवत नाही, बहुतेक त्याच कादंबरीची सुरुवात. ती मला पाठ होती.

फोटोवाल्याने हात वर केला. "ताई, एक मिनिट, जरा बोलू नका ना. तोंड हलतं, फोटोत विचित्र येतं."

"बोलावं लागतं," मी म्हणाले. "काम आहे ते."

मुनी लांबून हसला, तेच हसणं. "ताई, फोटो आहे हा! पाच मिनिटं गप्प राहा फक्त."

मी त्याच्याकडे पाहिलं. बाबांचा सदरा, त्या बाहीचा तुकडा, आणि मागे ते हिरवं. तो अजून बराच अलीकडे होता. आमच्या घरातल्या कुठल्याही माणसाला थांबायला भरपूर जागा होती.

मी गप्प झाले.

चाकाचा आवाज तेवढा राहिला. मुनी मागे चालत होता. मान किंचित वर, नजर लांब, फोटोवाल्याने सांगितलं तशी. मी त्याच्या पायांकडे बघत होते. मनात म्हणत होते, थांब. अजूनही थांब. आत्ता थांबलास तर तुझं सगळं खरं मानेन, प्रस्तावनेसकट. पाय एकामागून एक मागे पडत होते, शांत, खात्रीने, मागे मोकळं असल्यासारखे.

"सुंदर! आणखी थोडं मागे," फोटोवाला म्हणाला.

तो फार आवाज न करता गेला. हिरवं फाटलं, काळं वर आलं, आणि तो वास, जो जरा बसला होता, तो पुन्हा सगळ्या अंगणात उभा राहिला. कमरेएवढंच पाणी होतं. तो उठून उभा राहिला तेव्हा डोक्यावरून शेवाळ लोंबत होतं आणि सदऱ्याची बाही काळी झाली होती. फोटोवाला प्रथमच काही म्हणाला नाही.

"ताई!" मुनी ओरडला. "सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," मी म्हणाले. "गप्प झाले."

त्याला कळलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघत, हुशार मुलासारखा. तेवढ्यात आई माझ्यामागून पुढे आली. खड्ड्याच्या काठाशी जाऊन ती वाकली, आणि त्याला हात देईल असं मला क्षणभर वाटलं.

"पायाखाली बाबांच्या जुड्या आहेत," ती म्हणाली. "तुडवू नकोस. कडेने वर ये."